मुंबईले उतराचं कुठी? सौंसरकरांचा मुक्काम आणि जेवणाचा इतिहास

दिवाळी झाली की बोरगावात आणि सौंसरात एक प्रश्न हमखास कानावर येतो : "भाऊ, मुंबईले उतराचं कुठी न जेवाचं कुठी?" कुणाला पोराला समुद्र दाखवायचा असतो, कुणाची परळच्या दवाखान्यात तारीख असते. सगळं आयुष्य कारखान्यात मशीनरी सांभाळण्यात गेलं, त्यामुळे साध्या प्रश्नाचंही मूळ कारण शोधायची मला सवय आहे. हॉटेलांची यादी मोबाईलवर मिळते. पण नागपूरच्या माणसाला हा प्रश्न जितका सोपा वाटतो तितका तो आपल्याला वाटत नाही. असं का, हे समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

अंतराचा दोष नाही. बोरगाव ते नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर, पुढं रेल्वेनं मुंबई ८३७. मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला सुरू झाली आणि १८६७ मध्ये तो लोहमार्ग नागपूरला पोचला. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं आपल्या भागातला माणूस नागपूर गाठून, रात्रभर बसून मुंबईला उतरू शकतो. आता तर समृद्धीचा ७०१ किलोमीटरचा रस्ताही झाला. जायची सोय जुनीच आहे. उतरायच्या जागेचं मात्र तसं नाही.

मुद्दा १ नोव्हेंबर १९५६ चा आहे. त्या दिवशी जुना मध्य प्रांत-वऱ्हाड फुटला. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सौंसर-पांढुर्ण्याची मराठी त्याच जिल्ह्याबरोबर राहिली. या तारखेचे शाळेतले, भाषेचे परिणाम आपण नेहमी बोलतो. मुक्कामाचा परिणाम कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो.

विदर्भातला माणूस मुंबईला निघाला की आधी आमदाराकडं जातो. आमदाराची चिठ्ठी घेतली की आमदार निवासात खोली, निदान सतरंजीपुरती जागा. चर्चगेटजवळचं आकाशवाणी, नरिमन पॉइंटचं मनोरा, रिगल सिनेमासमोरचं मॅजेस्टिक. मॅजेस्टिक तर मुळात मोठं हॉटेल होतं, नंतर आमदारांसाठी घेतलं. मनोरा आता पाडलं आहे. अर्जंट काम असलेला शेतकरी, मुलाखतीला आलेला पोरगा, ऑपरेशनला आलेली म्हातारी, अशा कित्येकांनी या इमारतींत रात्री काढल्या. कागदोपत्री ती लोकप्रतिनिधींची सोय, प्रत्यक्षात ती त्या-त्या मतदारसंघाची धर्मशाळा. वरूड-मोर्शीच्या माणसाला ती आहे. पलीकडच्या पांढुर्ण्याच्या माणसाला नाही, कारण आपला आमदार बसतो भोपाळला! मधे फक्त राज्याची सीमा.

पण ही गोष्ट आमदार निवासापुरती नाही. मुंबईत मुक्काम नेहमीच "तू कुणाचा?" या प्रश्नावर ठरत आला. सगळ्यात नीट व्यवस्था मला गोवेकरांची वाटते. धोबी तलावच्या आसपास, जेर महालसारख्या इमारतींत, गोव्यातल्या गावांचे "कुड्ड" आहेत. कुड्ड म्हणजे एका गावाच्या लोकांनी मिळून घेतलेली जागा. जहाजावर काम करणारा खलाशी, बँडमध्ये वाजवणारा, नोकरी शोधायला आलेला तरुण, सगळ्यांची एकेक पेटी भिंतीला लावलेली. रात्री चटई अंथरायची, सकाळी गुंडाळायची. गावच्या संताची वेदी एका कोपऱ्यात आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना, तीही बंधनकारक. भाडं नाममात्र. अभियंत्याच्या नजरेनं पाहिलं तर जागेचा असा पुरेपूर वापर दुसरीकडं क्वचितच दिसेल : निम्मे सभासद समुद्रावर असतात, म्हणून तेवढ्याच चौरस फुटांत दुप्पट माणसं मावतात.

कोकणच्या चाकरमान्यांनीही तेच केलं. गिरणगावातल्या चाळींत गावाच्या नावानं खोल्या, एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळ्या वेगवेगळ्या असल्यानं झोपण्याची जागा कधी रिकामी नाही. नव्यानं आलेल्या पोराला पहिल्या दिवशी तीच खोली. गुजराती, मारवाडी, जैन मंडळींच्या धर्मशाळा आणि वाड्या सी. पी. टँक, भुलेश्वर भागात. माधवबागेचं नाव आजही त्यात घेतलं जातं. तिथंही समाज कोणता, हे आधी पाहिलं जायचं.

ज्यांच्याकडं पैसा होता त्यांच्यासाठी वेगळं जग होतं. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल पाहायला जा. त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडात ओतून जहाजानं आणला आणि इथं जोडला. याच हॉटेलात ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा सिनेमा हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवला गेला. तिथं हिंदी माणसाला मज्जाव होता, जमशेटजी टाटांना दारातून परत पाठवलं आणि म्हणून त्यांनी ताज बांधलं, ही कथा प्रत्येक गाईड सांगतो. तिला पक्का आधार मिळत नाही. कथा म्हणून ऐका, इतिहास म्हणून लिहू नका. ताज मात्र १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं, आणि त्याच्या आराखड्यात सीताराम खंडेराव वैद्य या मराठी माणसाचं नाव डी. एन. मिर्झांबरोबर येतं, हे खरं. आपल्या लोकांनी गेटवेवर उभं राहून फोटो काढताना एवढं तरी आठवावं.

मधल्या माणसासाठी "लॉजिंग-बोर्डिंग" नावाची चीज आली. क्रॉफर्ड मार्केटजवळ, पोलीस आयुक्तालयासमोर सरदारगृह आहे. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तिथं उतरायचे आणि १ ऑगस्ट १९२० ला ते तिथंच गेले. एवढा मोठा पुढारी, पण मुंबईत मुक्काम लॉजमध्ये! त्या काळच्या मुंबईत लॉज हे कमीपणाचं ठिकाण नव्हतं, हे यावरून कळतं. ती इमारत बाहेरून पाहता येते. मुंबईला जाणाऱ्या मंडळाच्या सभासदांनी जरूर पाहावी.

आता जेवण. इथं मी जरा रेंगाळणार, कारण जेवणाचा इतिहास मुक्कामाच्या इतिहासापेक्षा बोलका आहे.

दादरचं मामा काणे १९१० चं. सुरुवातीचं नाव "दक्षिणी ब्राह्मणाचे स्वच्छ उपहारगृह". या नावातला प्रत्येक शब्द नीट वाचा. आज आपल्याला तो पाटी रंगवणाऱ्याचा जुनाट थाट वाटेल. पण परक्या शहरात परक्याच्या हातचं खावं की नाही, हा तेव्हा गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न होता आणि पाटी त्याचं उत्तर देत होती : स्वयंपाक कुणाच्या हातचा ते सांगितलं, आता निर्धास्त बसा. ज्याला त्या पाटीतून आत येण्याचं आमंत्रण नव्हतं त्यानं काय करायचं, हे पाटी सांगत नव्हती. मामा काण्यांना दोष देण्यात अर्थ नाही, तो अख्ख्या काळाचा रिवाज होता. पण आपण वारसा-वारसा म्हणून जुन्या पाट्यांचे फोटो काढतो तेव्हा त्या पाटीबाहेर उभ्या असलेल्या माणसाचाही विचार करायला पाहिजे.

गिरणी कामगाराचं पोट भरलं ते खानावळवाल्या बाईनं. महिन्याचा हिशेब, दोन वेळचं जेवण, पगार झाला की पैसे. चूल त्याच दहा बाय दहाच्या खोलीत, पंधरा-वीस माणसांचं रांधून बाई रात्री भांडी घासायची. किराणा उधारीवर, उधारीवर व्याज. या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले, आणि जेवणाऱ्यांचा पगार थांबला तसा या खानावळींचाही कणा मोडला. संपाच्या इतिहासात युनियन आणि मालकांवर ढीगभर लिहिलं गेलं, डाळ शिजवणाऱ्या बाईवर चार ओळी.

इराण्याची गोष्ट वेगळी. पारशांनंतर बऱ्याच उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडं इराणातून आलेल्या या लोकांनी रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या जागा धरल्या. कोपऱ्यावरचं दुकान हिंदू व्यापारी अपशकुनी मानत म्हणून त्या स्वस्तात मिळाल्या, असं सांगतात. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बन-मस्का आणि चहा. गाव सांगावं लागत नाही, नातं सांगावं लागत नाही, एका चहावर अर्धा तास बसता येतं. ज्याच्यामागं ना कुड्ड, ना गावची खोली, ना आमदाराची चिठ्ठी, अशा माणसाला मुंबईनं दिलेली ही पहिली खुर्ची म्हणायला हरकत नाही. धोबी तलावचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. दोन्हीकडं जाता येतं. कयानीत सकाळी जा, ब्रिटानियात दुपारच्या जेवणाला.

पोटभर आणि साधं जेवायचं असेल तर माटुंगा. स्टेशनला लागून रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासून. केळीच्या पानावर भात, सांबार, रस्सम, भाज्या. जिना चढून जावं लागतं आणि रांग असते. आपल्या ज्वारीच्या भाकरीची आठवण तिथं भागणार नाही, पण वरणभाताच्या माणसाला ते जेवण परकं वाटत नाही. मालवणी जेवण घ्यायचं तर दादर-गिरगावात गोमंतक किंवा मालवणी नावाच्या खानावळी शोधा. सोलकढी पहिल्यांदा पिणाऱ्या आपल्या माणसाचं तोंड पाहण्यासारखं होतं! सावजीच्या तिखटाची सवय असलेल्याला तिथली मासळीची आमटी फिकी वाटेल, वाटू दे. वडापावचा उगम १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्यांच्या गाडीवर झाला असं सर्वसाधारण मानलं जातं. म्हणजे ज्याला आपण मुंबईचं प्राचीन खाणं समजतो ते माझ्यापेक्षा फार मोठं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुंबईला फिरायला जाणारे आपले लोक मोजकेच. खूप जण जातात ते परळच्या टाटा हॉस्पिटलला. ते २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं आणि तेव्हापासून मध्य भारतातला कॅन्सरचा रोगी तिकडंच पाठवला जातो. रोगी भरती होतो किंवा तारखेवर तारीख मिळते, नातेवाईक मात्र रस्त्यावर. अशा माणसाच्या मुक्कामाचा विचार ज्यानं केला तो आपल्याच बाजूचा. गाडगेबाबा, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. जातीनं परीट, अक्षरओळख नाही, हातात खराटा. देऊळ एकही बांधलं नाही, धर्मशाळा बांधल्या : पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई. पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली, कारण तिथं दलित वारकऱ्याला उतरायला जागा नव्हती. ती पुढं त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबा २० डिसेंबर १९५६ ला गेले, राज्याच्या सीमा बदलल्याला दोन महिनेही झाले नव्हते.

वर सांगितलेल्या प्रत्येक जागेत "तू कुणाचा?" हा प्रश्न होता : गावाचा, जातीचा, आमदाराचा. गाडगेबाबांच्या धर्मशाळेनं तो प्रश्न बदलला. रोगी आहेस का, एवढंच. दादर पूर्वेला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, गाडगे महाराज मिशन ती चालवतं, आणि तिथं टाटाचे रोगी व नातेवाईक राहतात. सौंसरचा रोगी तिथं अमरावतीच्या रोग्याइतकाच हक्कानं जाऊ शकतो. सीमेचा फरक पडत नाही अशी मुंबईतली मुक्कामाची जागा मला हीच ठळक दिसते.

टाटाला जाणाऱ्यांनी निघण्याआधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाशी बोलून घ्यावं. त्यांच्याकडं राहण्याच्या सोयींची माहिती असते : गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, वांद्र्याचं बोर्जेस होम. हॉस्पिटलची फाईल आणि आधार कार्ड सोबत पाहिजेच. जागा मिळायला दिवस लागू शकतात, तेव्हा पहिल्या दोन रात्रींचा खर्च वेगळा धरावा.

फिरायला जाणाऱ्यांनी या जागा मागू नयेत, तिथली प्रत्येक खाट मोजलेली असते. त्यांच्यासाठी रेल्वेच्या विश्रामखोल्या आहेत, तिकिटाच्या नंबरावर मिळतात. सीएसएमटीवर आता झोपण्याचे पॉडही झालेत, म्हणजे कुड्डातल्या चटईचाच वातानुकूलित अवतार. कुटुंब असेल तर दादर पूर्वेचं लॉज बरं, कारण विदर्भ एक्स्प्रेस दादरला थांबते आणि सामान घेऊन पुढं जावं लागत नाही. पहाटे उतरलात तर खोली मिळेपर्यंत दोन तास काढायचे असतात. तेवढ्यात पश्चिमेला पूल ओलांडून फुलबाजार पाहून या, मामा काणे त्याच बाजूला आहे. लोक त्याला आता नुसतं "मामा काणे" म्हणतात.