पोरीची मुलाखत, घराचा धीर

गावातल्या कितीतरी मुली आता डिप्लोमा, बी.एस्सी., इंजिनिअरिंग करून पुण्याच्या हिंजवडीतल्या किंवा खराडीतल्या मोठ्या कंपन्यांत अर्ज करतात. मग घरात रोज एकच प्रश्न असतो: "झालं का तुझं नोकरीचं?" पोरगी म्हणते, "अजून दोन राउंड बाकी आहेत." आपल्याला वाटतं, मुलाखत एकदाच असते, मग हे महिनोन्‌महिने काय चाललंय? आज तेच समजून घेऊ.

मोठ्या कंपनीत अर्ज हजारोंनी येतात. एवढ्या सगळ्यांना समोर बसवून बोलणं शक्य नसतं. म्हणून धान्य चाळतो तशी एकामागून एक चाळणी लावतात.

पहिली चाळणी ऑनलाइन परीक्षेची. गणित, इंग्रजी, तर्क आणि कॉम्प्युटरचे प्रश्न असतात. घरून परीक्षा असेल तर बहुतेक वेळा कॅमेरा आणि माइक चालू ठेवावा लागतो. मागून कुणी गेलं, कुणी हाक मारली, तरी त्याची नोंद होते आणि नक्कलीचा संशय येऊ शकतो. म्हणून ते दोन-तीन तास खोलीचं दार बंद ठेवा, टीव्ही बंद करा. लाइटचा किंवा रेंजचा भरवसा नसेल तर आदल्या दिवशीच तालुक्याच्या गावी नातेवाइकांकडे पाठवा.

दुसरी फेरी विषयाच्या ज्ञानाची. कॉलेजात केलेल्या प्रोजेक्टबद्दल खोलात विचारतात. येत नसेल तर "हे मला माहीत नाही" म्हणणं चालतं, थाप मारलेली मात्र लगेच कळते. कधी अशा दोन फेऱ्या होतात, कारण ज्या टीममध्ये काम करायचं तिथले लोकही उमेदवाराशी बोलून बघतात.

शेवटची फेरी एचआरची. रात्रपाळी चालेल का, दुसऱ्या शहरात जाल का, असं विचारतात. याचं उत्तर घरात आधीच बोलून ठरवा. तिथे "घरी विचारून सांगते" म्हणायची वेळ तिच्यावर येऊ नये.

निवड झाल्यावर ऑफर लेटर येतं आणि कागदपत्रांची पडताळणी होते. इथे गावाकडच्या मुली अडकतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पॅन कार्डावर तिसरं. हे आजच तपासा आणि दुरुस्त करून घ्या. मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, कुणाच्या ताब्यात ठेवायची नाहीत.

पगाराचंही समजून घ्या. वर्षाला 3,60,000 लिहिलं म्हणजे महिन्याला 30,000 हातात येत नाहीत. समजा मूळ पगार 15,000 आहे. त्याच्या 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये तिचे पीएफला जातात, आणि कंपनीचे 1,800 बहुधा याच आकड्यात धरलेले असतात. राहिले 26,400. त्यातून ग्रॅच्युइटी, विम्याचे पैसेही वजा होऊ शकतात. पीएफ बुडत नाही, तो तिच्याच नावावर साठतो. पण खोलीभाडं, मेस यांचा हिशोब हातात येणाऱ्या रकमेवरच करा.

एक धोका ध्यानात ठेवा. "तुमची निवड झाली, लॅपटॉपचे किंवा ट्रेनिंगचे पाच हजार भरा" असा फोन आला तर ती फसवणूक समजा. चांगली कंपनी नोकरी देण्यासाठी पैसे मागत नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर तक्रार करा. पोरीला बोल लावत बसलात तर तो वेळ वाया जातो.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, वाट बघणं. ऑफर लेटर आल्यावरही रुजू व्हायची तारीख काही महिने पुढे जाऊ शकते. याच काळात शेजारपाजारचे म्हणतात, "रिकामी बसलीय, स्थळ बघा." मैत्रिणींनो, ती रिकामी नसते, ती रांगेत उभी असते. आणि एका फेरीत नाव गळालं म्हणजे ती नालायक ठरत नाही. जागा थोड्या आणि माणसं फार, एवढाच त्याचा अर्थ. तोवर तिने दुसरीकडे अर्ज करत राहावं, इंग्रजी बोलायचा सराव करावा.

गटाच्या पुढच्या बैठकीत विचारा, कुणाची मुलगी अशा रांगेत आहे? ज्यांच्या मुली आधी नोकरीला लागल्या, त्यांच्याशी तिचं फोनवर बोलणं करून द्या. कर्जाला आपण एकमेकींना जामीन राहतो, तसं थोडं धीरालाही राहू या.