थंडीत दाराचे कुलूप का अडकते? लोखंड आकसल्याने की तुम्ही घातलेल्या खोबरेल तेलामुळे?

नाशिक : सकाळचे सहा वाजलेत. दूध आणायला निघायचे आहे. किल्ली कुलपात जाते, पण फिरत नाही. थोडा जोर लावला तर वाकेल असे वाटते. दुपारी मात्र तेच कुलूप काहीच झाले नाही असे उघडते. नाशिकमध्ये कडाक्याची थंडी पडली की हा अनुभव अनेक घरांत येतो. ‘थंडीने लोखंड आकसले’ असे म्हणून आपण विषय सोडून देतो. पण खरे कारण बहुतेक वेळा दुसरेच असते आणि त्यावरचा उपाय दहा-वीस रुपयांत होतो.

नाशिकच्या थंडीत दार गोठू शकते का?

जवळपास नाहीच. पाणी गोठायला शून्य अंश सेल्सिअस लागतात. राज्यातील सर्वांत थंड ठिकाणांपैकी एक असलेल्या निफाड तालुक्यात, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ च्या अखेरीस १.८ अंशांची नोंद झाली होती. तेव्हा द्राक्षबागांत दवबिंदू गोठल्याचे दिसले होते. उघड्या रानातली पाने हवेपेक्षाही जास्त थंड होतात, म्हणून तिथे असे होते. भिंतीच्या आडोशाला असलेल्या घराच्या दारात बर्फ धरणे वेगळी गोष्ट आहे. लडाखमध्ये किंवा कॅनडात राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांना तो त्रास खरोखर होतो. तिथे कुलपात शिरलेले पाणी गोठते आणि गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. आपल्याकडची कारणे वेगळी आहेत.

मग लोखंड आकसते त्याचे काय?

आकसते, पण फारच थोडे. दोन मीटर उंचीचे लोखंडी दार ३५ अंशांवरून ५ अंशांवर आले तर त्याची उंची जेमतेम ०.७ मिलिमीटरने कमी होते. शिवाय लोखंडी चौकटही त्याच प्रमाणात आकसते आणि काँक्रीटच्या आकसण्याचा वेगही जवळपास तेवढाच असतो. सगळेच सोबत आकसत असेल तर दार अडकण्याचे कारण उरत नाही. ॲल्युमिनियम मात्र लोखंडाच्या जवळपास दुप्पट आकसते. त्यामुळे सरकत्या खिडकीची कडी थंडीत किंचित सरकलेली वाटू शकते.

खरा आरोपी कोण?

बऱ्याच घरांत तो आरोपी म्हणजे खोबरेल तेल. कुलूप कुरकुरले की हाताशी असलेली बाटली घ्यायची आणि दोन थेंब सोडायचे, ही आपली जुनी सवय. पण खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली घट्ट होऊ लागते. बाथरूममधली बाटली हिवाळ्यात पांढरी पडते, तेच कुलपाच्या आतही होते. कुलपात किल्लीच्या दात्यांनुसार वर-खाली होणाऱ्या बारीक पिना असतात. तेल थिजले की त्या जागच्या जागी चिकटतात. दुपारी ऊन लागले की तेल पातळ होते आणि कुलूप ‘आपोआप’ दुरुस्त होते. वर्षानुवर्षे घातलेल्या तेलात धूळ बसून चिकट गाळ झाला असेल तर त्रास आणखी वाढतो. ऑफिसच्या दारावरचा डोअर क्लोजर थंडीत हळू चालतो, त्यामागेही आतले तेल घट्ट होणे हेच कारण असते.

लाकडी दाराचे काय होते?

लाकूड थंडीपेक्षा हवेतल्या ओलाव्याला जास्त दाद देते. पावसाळ्यात ते ओलावा शोषून फुगते, तर हिवाळ्याच्या कोरड्या हवेत आकसते. सागाच्या एक फूट रुंद फळीतला ओलावा पाच टक्क्यांनी घटला, तर ती साधारण दीड ते अडीच मिलिमीटर आकसू शकते. म्हणजे हिवाळ्यात दार घासण्याऐवजी सैल होते, खाली झुकते आणि कडी किंवा लॅच चौकटीतल्या भोकासमोर नीट येत नाही.

इथेच एक चूक हमखास होते. पावसाळ्यात दार घासते म्हणून आपण सुताराला बोलावून रंधा मारून घेतो. मग हिवाळ्यात फट इतकी वाढते की लॅच पोहोचतच नाही. रंधा मारायचाच असेल तर दार कोरडे असताना आणि जपून मारावा. दाराची वरची आणि खालची कड बहुतेक वेळा रंग न लावताच सोडलेली असते आणि ओलावा तिथूनच आत शिरतो. त्या दोन्ही कडांना रंग किंवा पॉलिश लावून घेतले तर दर वर्षीचा त्रास बराच कमी होतो.

दोष कुलपात आहे की दारात?

दार उघडे ठेवून किल्ली फिरवून बघा.

• दार उघडे असतानाही किल्ली अडकते : दोष कुलपात आहे.
• दार उघडे असताना फिरते, बंद केल्यावर अडकते : दार झुकले आहे. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळा. लॅचच्या टोकाला खडू लावून दार बंद करा. चौकटीवर जिथे खूण उमटेल, तिथे ते अडते आहे.

काय करावे?

• कुलपात ग्रॅफाइटची पूड घाला. ती नसेल तर पेन्सिलचे शिसे किल्लीच्या दात्यांवर घासून किल्ली चार-पाच वेळा आत-बाहेर करा.
• आधीचे तेल साफ केल्याशिवाय ग्रॅफाइट घालू नका, दोन्ही मिळून चिखल होतो.
• बिजागऱ्यांना शिलाई मशीनचे तेल चालते.
• लाकडाची कड घासत असेल तर तिथे मेणबत्ती घासा.
• तेल थिजले असेल तर हेअर ड्रायरची गरम हवा दोन मिनिटे द्या.

काय करू नये?

• किल्लीवर पक्कड लावून जोर देऊ नका. किल्ली आत तुटली तर खर्च कित्येक पटींनी वाढतो.
• दारावर उकळते पाणी ओतू नका. लाकूड फुगते आणि काच तडकू शकते.

बाथरूमच्या दाराकडे आधी लक्ष द्या

बाहेरचे दार अडकले तर दहा मिनिटांचा खोळंबा होतो. बाथरूमचे दार अडकले आणि आत गॅस गीझर सुरू असेल, तर मात्र जिवावर बेतू शकते. थंडीत आपण बाथरूमची खिडकीही बंद ठेवतो. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि मग कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपण्याचा धोकाही हाच.

त्यामुळे गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. बादली भरून घ्या, गीझर बंद करा आणि मगच अंघोळीला जा. खिडकीची फट उघडी ठेवा. घरात ज्येष्ठ किंवा लहान मुले असतील तर बाहेरूनही उघडता येईल असा लॅच बसवून घ्या. कोणी आत अडकले आणि हाकेला ओ देत नसेल तर कुलूपवाल्याची वाट पाहू नका. दार तोडा, हवा खेळती करा आणि ११२ वर फोन करा.

आज अंघोळीला जाण्यापूर्वी बाथरूमची कडी एकदा लावून-काढून बघा. ती सहज निघत नसेल, तर दुरुस्ती उद्यावर ढकलू नका.