‘कॅन’ : एका जर्मन वादकमंडळाची कथा

ज्या घरात वडीलधाऱ्यांच्या नावाला काळिमा लागलेला असतो, त्या घरातील मुलांपुढे एक विचित्र अडचण उभी राहते. घरची वाणी तोंडी घ्यावी, तर तिला जुन्या पापाचा वास येतो. परक्याची घ्यावी, तर आपण केवळ पोपट ठरतो. १९४५ नंतर जर्मनीत वाढलेल्या तरुण संगीतकारांची स्थिती काहीशी अशीच होती. बेथोव्हेन आणि वाग्नर यांचे संगीत नाझी राजवटीने आपल्या प्रचाराला जुंपले होते. इंग्लंड-अमेरिकेहून येणारे रॉक संगीत मन मोहून टाकीत होते खरे. परंतु त्याची नक्कल म्हणजे अखेर उसनवारीच. मग स्वतःचे म्हणून वाजवावयाचे ते काय?

या प्रश्नाचे एक उत्तर १९६८ साली कोलोन शहरात शोधले गेले. इर्मिन श्मिट आणि होल्गर चुकाई हे दोघे श्टोकहाउझेन या प्रयोगशील संगीतरचनाकाराचे विद्यार्थी. श्मिट हा ऑर्केस्ट्राचे संचालन शिकलेला. १९६६ साली एका स्पर्धेसाठी तो न्यूयॉर्कला गेला आणि तेथील नव्या संगीताने भारून परतला. याकी लीबेत्साईट हा जाझमधील तालवादक. मिखाएल कारोली हा गिटारवादक चुकाईचाच शिष्य, वयाने इतरांहून दहा वर्षांनी लहान. हे चौघे एकत्र आले, तेव्हा त्यांनी एक नियम मनोमन पाळला : आपल्यात कोणी नायक नसावा. पुढाऱ्यामागे डोळे मिटून चालण्याचे फळ त्यांच्या देशाने भोगले होते. निदान संगीतात तरी त्याची पुनरावृत्ती नको होती.

नायक नाही आणि लिहिलेली स्वरलिपीही नाही, तर वादन उभे कसे राहावयाचे? त्याचे रहस्य लीबेत्साईटच्या तालात होते. पूर्वी तो मुक्त जाझ वाजवीत असे. त्यात तालाचे बंधन जवळजवळ नसतेच. एका श्रोत्याने त्याला एकसुरी वाजविण्याचा सल्ला दिला आणि तो आपण मनावर घेतला, अशी आठवण तो सांगत असे. आपल्याकडे तबलजी ठेका धरून बसतो आणि गवई त्या आवर्तनाच्या आधाराने निश्चिंतपणे विहार करतो. तसाच काहीसा हा प्रकार. तोच तो आघात यंत्रासारखा अचूक, पण यंत्रासारखा निर्जीव मात्र नव्हे. त्याच्याभोवती इतर वादक तासन्‌तास एकमेकांचे ऐकत वाजवीत. हे सारे दोनच मार्गांच्या साध्या यंत्रावर मुद्रित होई. मग चुकाई फीत कापून निवडक तुकडे जोडी. १९६९ च्या ‘मॉन्स्टर मूव्ही’ या पहिल्या तबकडीची एक संपूर्ण बाजू व्यापणारे वीस मिनिटांचे गीत अशाच काही तासांच्या वादनातून निवडलेले आहे.

गायकही त्यांनी असेच मिळविले. पहिला माल्कम मूनी, हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय शिल्पकार. तो मायदेशी परतल्यावर १९७० साली म्यूनिकच्या रस्त्यावर चुकाई व लीबेत्साईट यांना डामो सुझुकी हा भटका जपानी तरुण दिसला. त्याच रात्री तो त्यांच्याबरोबर रंगमंचावर गात होता! मंडळाचे ‘कॅन’ हे नावही मोठे बोलके आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ डबा. पण याच अक्षरांचा तुर्की शब्द ‘जान’ असा उच्चारला जातो आणि त्याचा अर्थ जीव. फारसीतून तुर्कीत गेलेला हा शब्द आपल्या मराठीतही आहेच. १९७२ च्या ‘एगे बाम्यासी’ या तबकडीचे नाव तर तुर्की भेंडीच्या डब्यावरून घेतलेले.

१९७१ च्या अखेरीस मंडळींनी कोलोनजवळील वाईलरस्विस्ट येथील एक जुने चित्रपटगृह घेतले आणि भिंतींना सैनिकी गाद्या लावून आवाज आवरला. त्यांचे ‘स्पून’ हे गीत दूरचित्रवाणीच्या एका मालिकेमुळे जर्मनीत घरोघर पोहोचले. इंग्रज पत्रकारांनी जर्मनांना चिडविण्याच्या ‘क्राउट’ या शब्दावरून अशा संगीताला ‘क्राउटरॉक’ म्हटले. पुढे ही टिंगलच बिरुद ठरली. लांबच लांब, घुमणाऱ्या वादनाचा ‘स्टोनर रॉक’ हा प्रकार जर्मनीत रुजला, तेव्हा म्यूनिकच्या ‘कलर हेझ’ या मंडळाने २००३ साली आपल्या एका तबकडीच्या नावातच तो शब्द अभिमानाने मिरविला.

‘कॅन’चा उतार मात्र विचार करावयास लावणारा आहे. १९७५ च्या सुमारास त्यांच्याकडे अनेक मार्गांचे मुद्रणयंत्र आले. आता प्रत्येकाला आपला भाग वेगळा वाजविता येऊ लागला. चूक झाली तर एकट्याने दुरुस्त करता येऊ लागली. सोय वाढली, आणि एकमेकांचे ऐकण्याची गरज तेवढीच घटली. १९७९ पर्यंत मंडळ विखुरले. १९८९ ची एक तबकडी एवढाच पुढचा उल्लेखनीय पुनर्मेळ. कारोली २००१ मध्ये, लीबेत्साईट व चुकाई २०१७ मध्ये आणि सुझुकी २०२४ मध्ये निवर्तले.

कलंकित वारसा टाकणे कठीण असले, तरी तेवढ्याने नवी वाणी जन्मत नाही. या मंडळींना ती लाभली, कारण त्यांनी आज्ञेच्या जागी श्रवण ठेवले. जोवर ते ऐकत होते, तोवर त्यांच्या संगीतात ‘जान’ होती.