तिथी पाहा, मग शीड उभारा

पावसाळा सरला की मुंबई-अलिबागच्या समुद्रात शिडाच्या बोटीने फेरी मारण्याची हौस अनेकांना येते. वाऱ्याचा अंदाज सगळेच मोबाईलवर पाहतात. पाण्याची ओढ कुठल्या दिशेला असेल, हे मात्र फार थोडे जण पाहतात.

साधा हिशोब करू. बोटीचा वेग ताशी ४ सागरी मैल आणि पाण्याची ओढ ताशी २ मैल धरा. १२ मैलांचे अंतर ओढीबरोबर २ तासांत संपते, ओढीविरुद्ध त्यालाच ६ तास लागतात. हे जादा चार तास म्हणजे ऊन, मळमळ, उलट्या आणि शरीरातले पाणी कमी होणे. थकलेला माणूस निर्णय चुकतो. शिवाय बोट लागू नये म्हणून घेतलेल्या अनेक गोळ्यांनी झोप येते. सुकाणू धरणाऱ्याने अशी गोळी डॉक्टरांना विचारून आधी घरी घेऊन पाहावी.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातली जुनी रीत सोपी आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला साधारण सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. ही रीत अंदाजापुरती. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या तक्त्यात पाहावी.

अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी ४ मीटरहून अधिक चढते-उतरते. खंबातच्या आखातात भावनगरजवळ हा फरक १० मीटरच्या घरात जातो. त्यातले जवळजवळ निम्मे पाणी मधल्या दोन तासांत हलते. ओढ सर्वांत जोरदार असते ती तेव्हाच.

आता वारा जोडून पाहा. उधाणाच्या दिवशी दुपारी अडीच-तीनला खाडीतून पाणी जोरात बाहेर पडते आणि नेमक्या त्याच वेळी समुद्रावरचा वारा आत येत असतो. दोघे समोरासमोर आले की खाडीच्या मुखाशी लाटा उभ्या आणि आखूड होतात. लहान बोटी उलटण्याचा धोका इथेच. अष्टमीला दुपारी पाणीही आत येत असते आणि ओढही कमी असते. नवख्यांनी तोच दिवस निवडावा.

पोहता येते, या भरवशावर राहू नका. ताशी २ सागरी मैल म्हणजे सेकंदाला सुमारे १ मीटर. सामान्य माणूस इतक्या वेगाने पोहू शकत नाही. ओढीविरुद्ध तो केवळ दमतो. म्हणून जीवरक्षक जाकीट अंगात घालूनच बसावे, बाकाखाली ठेवू नये. दारू तर किनाऱ्यावरच वर्ज्य.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या, छातीवर दाब द्या आणि १०८ ला फोन करा. माणूस शुद्धीवर आला, तरी त्याला रुग्णालयात न्याच. फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.