सेविकेचे वाहन : बालकल्याणाच्या कामातील आवश्यक साधन

रोपवाटिकेतील रोप पहिल्या काही आठवड्यांत सांभाळले तर पुढे तग धरते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. मनुष्याच्या अपत्याचेही तसेच आहे. जन्मानंतरचे पहिले 28 दिवस बालकाच्या जिवास सर्वाधिक धोक्याचे असतात. या काळात कोणी जाणकार व्यक्तीने घरी जाऊन बालकाचे वजन, अंगाची ऊब, श्वास व स्तनपान पाहिले, तर अनेक बालके वाचू शकतात. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत हे दाखवून दिले. गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघर जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी कमी आढळले. 1999 मध्ये या कामाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि 2011 मध्ये आशा स्वयंसेविकांमार्फत अशा गृहभेटींची योजना देशभर हाती घेण्यात आली.

म्हणजे उपाय हाती आहे. प्रश्न आहे तो घरापर्यंत वेळेवर पोचण्याचा.

चालण्याचा हिशेब

रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास आशा स्वयंसेविकेने 3, 7, 14, 21, 28 व 42 व्या दिवशी, अशा 6 भेटी द्यावयाच्या असतात. प्रसूती घरी झाली असल्यास पहिल्या दिवसाची भेट अधिक. 2018 पासून त्यांत 3, 6, 9, 12 व 15 व्या महिन्यांच्या 5 भेटींची भर पडली आहे. समजा, पाडा किंवा वस्ती गावापासून 4 किलोमीटर दूर आहे. जाऊन-येऊन 8 किलोमीटर झाले. 11 भेटींसाठी एका बालकामागे 88 किलोमीटर आणि वर्षाकाठी अशी 10 बालके असतील, तर 880 किलोमीटर वाटचाल होते. लसीकरण, गरोदर मातांच्या भेटी व बैठका यांसाठीची ये-जा यात धरलेली नाही.

पहिल्या 6 भेटींसाठी 2011 मध्ये एकूण 250 रुपये मोबदला ठरविण्यात आला. या 6 भेटींचे अंतर 48 किलोमीटर होते. लिटरला 40 किलोमीटर जाणाऱ्या दुचाकीस त्यासाठी सुमारे सव्वा लिटर पेट्रोल लागते. लिटरचा दर शंभर रुपये धरला, तरी मोबदल्याचा जवळजवळ निम्मा भाग पेट्रोलातच जातो. म्हणून सेविका पायी निघते, अनोळखी मोटारसायकलस्वाराच्या मागे बसते किंवा माणसांनी खच्चून भरलेल्या जीपला लटकून जाते. पाऊस लागला, नाल्यास पूर आला, की भेट पुढे ढकलली जाते. तिसऱ्या दिवसाची भेट सातव्या दिवशी झाली, तर मधल्या चार दिवसांत बालक गार पडले काय, त्याने दूध ओढणे थांबविले काय, हे कोणास कळणार?

हीच अडचण इतरांचीही आहे. आदिवासी व डोंगराळ भागात 3,000 आणि सपाट प्रदेशात 5,000 लोकवस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र धरलेले आहे. तेथील आरोग्यसेविकेस अनेक गावे सांभाळावी लागतात. अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेकडे साधारणतः वीस-पंचवीस अंगणवाड्या असतात. 2014 मध्ये राज्यात सुरू झालेली 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बालक अत्यवस्थ झाल्यावर उपयोगी पडते. ते तसे होऊ नये म्हणून करावयाच्या भेटींसाठी ती नाही.

वाहन सुरक्षित असावे

जशी वाट तसे वाहन घ्यावे. सपाट, जवळच्या वस्तीस सायकल पुरते. लांबच्या वाटेस हलकी दुचाकी बरी. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या फुगवट्याकाठच्या वस्त्यांना नावेवाचून गत्यंतर नाही. तेथे सेविकेसाठी जीवरक्षक जाकीट हवेच. जुनी दुचाकी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. एप्रिल 2019 पासून विकल्या जाणाऱ्या नव्या दुचाकींना सुधारित ब्रेकव्यवस्था सक्तीची आहे. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांना ती नसते. भारतीय मानकाचे चिन्ह असलेले शिरस्त्राण चालविणारीस व मागे बसणारीस, दोघींनाही हवे. फरशी पुलावरून पाणी वाहत असता वाहन घालू नये, हा नियम सेविकेस व तिच्या वरिष्ठांस सारखाच बंधनकारक मानावा.

खरेदी म्हणजे अर्धेच काम

बैल घ्यावयाचा आणि वैरणीची तजवीज करावयाची नाही, असे कोणी शहाणा शेतकरी करीत नाही. वाहनाचेही तसेच आहे. निधीची मागणी करताना चार बाबी वेगळ्या दाखवाव्यात : पहिली, वाहनाची किंमत, दुसरी, शिरस्त्राण, विमा, चालविण्याचे शिक्षण व परवाना, तिसरी, अंतराच्या नोंदवहीप्रमाणे इंधन, चौथी, ब्रेक, टायर व वार्षिक दुरुस्ती. पहिल्या बाबीचा खर्च एकदाच येतो, इंधन व दुरुस्तीचा दरवर्षी. सरकारी आवारांत टायर बसलेल्या, गंजलेल्या गाड्या आपण पाहतो, त्या बहुधा चौथ्या बाबीकडे दुर्लक्ष झाल्याच्या खुणा असतात.

विम्याबाबतही सावध असावे. तृतीय पक्ष विम्यातून चालविणाऱ्या सेविकेच्या इजेची भरपाई मिळत नाही. वाहन ग्रामपंचायतीच्या नावावर असल्यास तिचा वैयक्तिक अपघात विमा स्वतंत्रपणे उतरविला आहे, याची खात्री करून घ्यावी.

पैसा कोठून आणावा?

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना 2015 पासून आदिवासी उपयोजनेतील 5 टक्के निधी थेट मिळू लागला. यांपैकी कोणत्या निधीतून वाहनाचा कोणता खर्च करता येईल, हे पंचायत समितीकडून लेखी विचारून घ्यावे. लहान ग्रामपंचायतीस एकटीने खर्च झेपत नसेल, तर शेजारच्या गावांनी मिळून मागणी करावी. सेविकेस अर्थसाहाय्य देऊन वाहन तिच्याच नावे घेण्याचाही मार्ग आहे. तमिळनाडूत 2018 मध्ये नोकरदार स्त्रियांना दुचाकीच्या निम्म्या किमतीइतके, कमाल 25,000 रुपयांचे, साहाय्य देण्याची योजना सुरू झाली होती.

मार्ग कोणताही असो, वाहन सेविकेच्या कामासाठीच राहिले पाहिजे. ते पुढाऱ्यांच्या दौऱ्यास वा घरच्या मंडळींच्या बाजारहाटास जाऊ लागले, तर नोंदवही भरेल, भेटी मात्र होणार नाहीत.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पुढील ग्रामसभेपूर्वी एवढे करावे : आपल्या सेविकांसह बसून प्रत्येक वस्तीचे अंतर, वाटेवरील नाले व मागील पावसाळ्यात चुकलेल्या भेटी एका कागदावर लिहून काढाव्यात आणि तो कागद सभेत वाचून दाखवावा. शेतकरी बंधूंनीही वस्तीची वाट दुरुस्त करण्यास व फरशी पुलावर धोक्याची खूण लावण्यास हातभार लावावा. तिसऱ्या दिवशी सेविका दारात उभी राहिली पाहिजे आणि सायंकाळी ती आपल्या घरी सुखरूप पोचली पाहिजे. गावाने या दोन्ही गोष्टींची जबाबदारी सारखीच घ्यावी.