जनावर ठणठणीत, तरी त्याचं रक्त का तपासतात? गोचीड आणि काँगो ताप समजून घ्या

गोठा आला की गोचीड आलेच. नाशिक जिल्ह्यातले अनेक पशुपालक आजही ते हाताने ओढून काढतात आणि तिथेच चिरडतात. काही गोचिडांमध्ये मात्र क्रायमियन-काँगो हेमोरेजिक फिव्हरचा, म्हणजेच काँगो तापाचा विषाणू असू शकतो.

अडचण काय आहे?

या विषाणूची लागण झालेली गाय किंवा शेळी सहसा आजारी दिसतच नाही. विषाणू साधारण आठवडाभर तिच्या रक्तात राहतो. माणसाला मात्र तीव्र ताप आणि रक्तस्राव होऊ शकतो. मृत्यूचं प्रमाण १० ते ४० टक्के आहे.

भारतात हे कधी कळलं?

जानेवारी २०११ मध्ये. गुजरातमधल्या कोलाट गावची एक महिला, तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका असे तिघं दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही) निदान केलं. नंतर त्या भागातल्या जनावरांच्या रक्तातही लागणीच्या खुणा सापडल्या. म्हणजे विषाणू आधीच तिथे होता, कळलं मात्र माणसं दगावल्यावर.

मग पाळत कशी ठेवतात?

विषाणू गेला तरी प्रतिपिंडं रक्तात बराच काळ टिकतात. म्हणून निरोगी जनावरांच्या रक्ताचे नमुने घेऊन एलायझा चाचणी करतात. गोचीड गोळा करून त्यांचीही पीसीआर तपासणी होते. २०१३-१४ मध्ये २२ राज्यं आणि एका केंद्रशासित प्रदेशातले ५,६३६ नमुने तपासले गेले. त्यातल्या ३५४ नमुन्यांत प्रतिपिंडं आढळली.

नाशिकचा संबंध काय?

सुरगाणा आणि पेठ तालुके गुजरातला लागून आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातमधल्या रुग्णांमुळे शेजारच्या पालघर जिल्ह्यात सतर्कतेचा इशारा दिला होता. जनावरांची खरेदी-विक्री झाली की त्यांच्या अंगावरचे गोचीडही सोबत जातात.

काय काळजी घ्याल?

- गोचीड चिमट्याने काढा, उघड्या हाताने चिरडू नका.
- जनावर कापताना किंवा विताना मदत करताना हातमोजे घाला.
- गोचीडनाशक पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच वापरा.
- नीट शिजवलेलं मांस आणि उकळलेलं दूध खायला-प्यायला हरकत नाही.
- ताप आला तर जनावरांशी संपर्क आल्याचं डॉक्टरांना स्वतःहून सांगा. सुरुवातीला हा ताप डेंग्यूसारखा वाटू शकतो.

पथक रक्ताचा नमुना घ्यायला आलं, तर ‘आमचं जनावर आजारी नाही’ म्हणून परत पाठवू नका. ही तपासणी निरोगी जनावरांचीच असते.