चित्रतपस्वी भालजी पेंढारकर

शहापूरच्या परिसरातून माहुली किल्ल्याचे उंच सुळके स्पष्ट दिसतात. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाहीच्या बालवारसाला घेऊन याच किल्ल्याचा आश्रय केला होता. पुढे माहुली शिवाजी महाराजांच्या हाती आला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांस द्यावा लागला आणि १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. मुरबाडकडे गेले म्हणजे गोरखगड, सिद्धगड आणि नाणेघाट ही नावे लहान मुलांच्याही तोंडी असतात. परंतु किल्ला चढून वर जाणाऱ्यास आज काय दिसते? ढासळलेला तट, कोरडी टाकी आणि गवतात लपलेले चौथरे. त्या तटावर पहारा करणारा मावळा कसा दिसत असेल, कमरेला शेला कसा बांधत असेल, धन्याशी आणि शत्रूशी कोणत्या भाषेत बोलत असेल, हे दगड सांगत नाहीत.

तरीही महाराष्ट्रातील कोणत्याही खेड्यात जाऊन विचारावे. मावळ्याचे एक चित्र प्रत्येकाच्या मनात तयार असते. ते काही पोवाड्यांनी काढले, काही कादंबऱ्यांनी काढले, आणि त्यात रंग भरून त्याला चालते-बोलते करण्याचे काम ज्यांनी केले त्यांत कोल्हापूरचे भालजी पेंढारकर हे अग्रगण्य होत. नट, नाटककार, गीतकार, पटकथालेखक, दिग्दर्शक आणि निर्माते अशा नाना नात्यांनी त्यांनी साठ वर्षे चित्रपटाची सेवा केली.

भालचंद्र गोपाळ पेंढारकर यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कोल्हापुरात झाला. हे घराणे कलावंतांचेच म्हणावे लागेल. विख्यात नट बाबूराव पेंढारकर हे त्यांचे थोरले बंधू, नट व दिग्दर्शक मास्टर विनायक हे धाकटे सावत्र बंधू, आणि व्ही. शांताराम हे मावसभाऊ. इतकी गुणी माणसे एकाच गोतावळ्यात निपजावीत यात योगायोगाचा भाग असेलच. परंतु कोल्हापूरच्या त्या काळच्या हवेचाही वाटा त्यात मोठा होता. १९१७ साली बाबूराव पेंटर या कुशल चित्रकाराने तेथे महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. परदेशी यंत्रावर विसंबून न राहता या गृहस्थाने चित्रीकरणाचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी तयार केला. ज्या गावात असा प्रयोग डोळ्यांदेखत होतो, तेथील तरुणांना सिनेमा ही काही सातासमुद्रापलीकडची जादू वाटत नाही. प्रयत्न केल्यास आपणासही साधेल असा तो उद्योग वाटतो.

भालजींचे मन शाळेत फारसे रमले नाही. काही काळ ते पुण्यास 'केसरी'च्या कचेरीत होते, काही काळ लष्करात होते. नंतर ते नाटकाकडे वळले. नाटके लिहिली, रंगभूमीवर आणि मूकपटांत भूमिका केल्या, आणि त्यातूनच ते दिग्दर्शनाकडे आले. 'वंदे मातरम् आश्रम' हा त्यांचा मूकपट परकीय सरकारच्या शिक्षणपद्धतीवर टीका करणारा होता. पडद्यावरची माणसे अजून बोलूही लागली नव्हती. तरी या मुक्या चित्राचा आवाज सरकारच्या कानांना बोचला आणि त्याला परीक्षण मंडळाच्या कात्रीला तोंड द्यावे लागले.

चित्रपटाच्या कामात पटकथालेखक आणि दिग्दर्शक यांची कामे वेगवेगळी असतात. कथा जशी पुस्तकात असते तशी पडद्यावर मांडता येत नाही. 'राजा चिंताक्रांत झाला' हे लेखक एका वाक्यात सांगतो. पटकथालेखकाला मात्र राजा कोठे बसला आहे, हाताने काय करतो आहे, दारातून कोण येते आणि पहिला शब्द कोण उच्चारतो, हे सारे ठरवावे लागते. दिग्दर्शकाने त्यापुढे जाऊन नटांकडून ते करवून घ्यावयाचे, कॅमेरा कोठे ठेवावा हे सांगावयाचे, आणि शेवटी शेकडो तुकडे जोडून त्यांतून सलग कथा उभी करावयाची. भालजी बहुधा ही दोन्ही कामे स्वतःच करीत, संवादही लिहीत, आणि 'योगेश' या टोपणनावाने गीतेही रचीत. त्यामुळे त्यांच्या चित्रपटांना एकाच हाताने विणलेल्या वस्त्राचा एकजिनसीपणा आला.

१९३२ साली त्यांचा 'श्यामसुंदर' हा बोलपट प्रदर्शित झाला. शाहू मोडक या लहानग्या नटाने त्यात कृष्णाची आणि शांता आपटे यांनी राधेची भूमिका केली. बोलपटाचे नवेपण तेव्हा ताजे होते. मुंबईत हा चित्रपट पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. इतके यश पुष्कळांना एका जागी बसवून टाकते. भालजी मात्र पौराणिक कथांवर थांबले नाहीत. १९३९ च्या 'नेताजी पालकर'पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाकडे मोर्चा वळविला. १९४१ साली 'थोरातांची कमळा' आला आणि त्यानंतर ऐतिहासिक चित्रपट म्हटला की भालजींचे नाव, असे समीकरणच बनून गेले.

या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. चित्रपट म्हणजे इतिहास नव्हे. थोरातांच्या कमळेची कथा नाटकांतून आणि दंतकथांतून चालत आलेली आहे. अस्सल कागदपत्रांत तिला आधार मिळत नाही. संभाजी महाराजांचे खरे चरित्र जाणावयाचे तर इतिहासकारांचे ग्रंथच उघडले पाहिजेत. परंतु वेशभूषा, घोड्यावरची बैठक, मुजऱ्याची रीत आणि विशेषतः भाषा, या गोष्टी पडद्यावर जिवंत करण्यात भालजींचा हातखंडा होता. त्यांचे मावळे पुस्तकी बोलत नाहीत. शेतात राबणाऱ्या माणसासारखे रोखठोक, ठसकेबाज बोलतात.

कोल्हापूर संस्थानाच्या आश्रयाने उभा राहिलेला 'कोल्हापूर सिनेटोन'चा स्टुडिओ पुढे भालजींकडे आला. त्याचेच नाव 'जयप्रभा'. येथे 'महारथी कर्ण' (१९४४) आणि 'वाल्मीकि' (१९४६) हे हिंदी चित्रपट निघाले. दोन्हींत पृथ्वीराज कपूर नायक होते, आणि 'वाल्मीकि'मध्ये नारदाची भूमिका करणारा तरुण म्हणजे पुढे जगभर नाव मिळविणारे राज कपूर. जयप्रभा हा नुसता चित्रे काढण्याचा कारखाना नव्हता. सुतार, रंगारी, शिंपी, घोडेस्वार, नट अशी कितीतरी कुटुंबे त्या एका आवारावर आपली भाकरी मिळवीत होती.

मग १९४८ साल उजाडले. ३० जानेवारी रोजी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. साऱ्या देशावर दुःखाची छाया पसरली. महाराष्ट्राच्या अनेक भागांत त्या दुःखाचे रूपांतर आंधळ्या क्रोधात झाले, आणि मारेकरी ज्या जातीचा होता त्या जातीच्या, या कृत्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसांची घरेदारे पेटविण्यात आली. कोल्हापुरातही ही आग पसरली. तिच्यात जयप्रभा स्टुडिओ जळाला.

स्टुडिओ जळणे म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्या काळचा चित्रपट ३५ मिलिमीटर रुंदीच्या लांबलचक फितीवर घेतला जाई. पडद्यावरची हालचाल सलग दिसावी म्हणून दर सेकंदाला चोवीस चित्रे डोळ्यांपुढून सरकवावी लागत. या वेगाने मिनिटाला नव्वद फूट फीत लागे, आणि दोन तासांच्या बोलपटाची लांबी सुमारे अकरा हजार फूट होई. कॅमेऱ्यातून प्रथम निघते ती मूळ प्रत, म्हणजे निगेटिव्ह. गावोगाव दाखविण्याच्या प्रती तिच्यावरूनच काढावयाच्या असतात. प्रत फाटली तर दुसरी काढता येते. निगेटिव्ह गेली तर चित्रपटच गेला. त्यातून ही फीत नायट्रेट नावाच्या ज्वालाग्राही द्रव्याची बनविलेली असे. तिच्या ज्वलनास लागणारा प्राणवायू तिच्या स्वतःतच असल्यामुळे एकदा पेटली की पाणी ओतूनही ती विझत नसे. भालजींचा 'मीठभाकर' हा चित्रपट त्या वेळी तयार होत होता. तो या आगीत भस्मसात झाला. महिनोन् महिन्यांचे कष्ट, नटांचा अभिनय, उभारलेले देखावे, कपडेपट, यंत्रे, यांतले काही उरले नाही.

भालजींचे वय त्या वेळी पन्नाशीच्या घरात होते. मुंबईस किंवा पुण्यास निघून जाणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांच्यासारख्या दिग्दर्शकास काम कोणीही दिले असते. परंतु त्यांनी कोल्हापूर सोडले नाही. कर्ज काढले आणि त्याच आवारात स्टुडिओ पुन्हा उभा केला. 'मीठभाकर' पहिल्यापासून, तेच प्रसंग आणि तेच संवाद घेऊन, दुसऱ्यांदा चित्रित केला. एकदा मनाजोगे उतरलेले काम पुन्हा तसेच उतरविणे किती जड जाते, हे चित्र काढताना कागदावर शाई सांडलेल्या कोणत्याही मुलास विचारावे. १९४९ साली 'मीठभाकर' लोकांपुढे आला. या दुसऱ्या उभारणीचे कर्ज मात्र भालजींच्या मानेवर दीर्घकाळ राहिले आणि अखेर जयप्रभा त्यांच्या मालकीचा उरला नाही. तो लता मंगेशकर यांच्याकडे गेला. मालकी गेली तरी भालजींचे काम त्यानंतरही चालू राहिले.

१९५२ चा 'छत्रपति शिवाजी' हा त्यांच्या कर्तृत्वाचा कळस मानला जातो. चंद्रकांत मांढरे यांनी त्यात महाराजांची भूमिका केली. पुढे 'पावनखिंड', 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) असे चित्रपट आले.

हे चित्रपट केवळ शहरांतील थिएटरांत दाखविले गेले असते तर शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांतील गावकऱ्यांना त्यांचा काय उपयोग? ज्या गावात वीज नव्हती तेथे थिएटर कोठून येणार? तेथे सिनेमा पोहोचला तो तंबूतून. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेस म्हशाची जत्रा भरते, तशा महाराष्ट्रभर भरणाऱ्या जत्रा या फिरत्या सिनेमाच्या हक्काच्या जागा होत्या. कनातीचा तंबू ठोकावयाचा, बाहेर तेलावर चालणारे इंजिन लावावयाचे, पांढरे कापड ताणावयाचे, आणि जमिनीवर बसलेल्या बायाबापड्यांना खेळ दाखवावयाचा. हजार फुटांचे एक रीळ अकरा मिनिटांत संपे. यंत्र एकच असले म्हणजे पुढचे रीळ चढेपर्यंत तंबूत अंधार, आरडाओरड आणि शिट्ट्या! ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी अशा तंबूंतून शिवकाळ पाहिला, आणि पडद्यावरचा मावळा आपल्यासारखेच बोलतो, हे पाहून त्यांना तो आपला वाटला.

माणसे पारखण्यात आणि घडविण्यात भालजींइतका वाकबगार दिग्दर्शक क्वचितच आढळेल. सुलोचना या थोर अभिनेत्री मूळच्या चिकोडी तालुक्यातील खडकलाट गावच्या. त्या स्टुडिओत आल्या तेव्हा त्यांची बोली ग्रामीण होती. भालजींनी त्यांच्याकडून शुद्ध उच्चारांचा सराव करवून घेतला. 'सुलोचना' हे नावही त्यांनीच दिले. पुढे पडद्यावरची आई म्हटली की त्यांचाच चेहरा आठवावा, एवढी त्यांची कीर्ती झाली. लोकनाट्यात नाव कमावलेले, मुंबईच्या गिरणगावात वाढलेले दादा कोंडके यांनाही रुपेरी पडद्यावर प्रथम आणले ते भालजींनीच, १९६९ च्या 'तांबडी माती'तून. दादा पुढे स्वतःच लेखक, नट आणि दिग्दर्शक झाले. त्यांचा विनोद भालजींच्या वळणाचा नव्हता, पण खेड्यातला प्रेक्षक ओळखण्याची विद्या दोघांचीही एकच होती.

संगीताची एक हकीकत तर मोठी गमतीची आहे. भालजींच्या चित्रपटांना 'आनंदघन' नावाचा कोणी संगीतकार चाली देऊ लागला. हा कोण, हे कोणास ठाऊक नव्हते. 'साधी माणसं' (१९६५) या लोहार दांपत्यावरील चित्रपटाच्या संगीतास राज्य पुरस्कार जाहीर झाला. पुरस्कार घेण्यास कोणी पुढे येईना, तेव्हा सभागृहात बसलेल्या लता मंगेशकर याच आनंदघन होत, हे लोकांना सांगण्यात आले. भालजींना संगीतकाराची अडचण पडली असता लताबाईंनी आपण होऊन हे काम पत्करले होते. नाव मात्र त्यांनी गुप्त ठेवले.

ऐतिहासिक चित्रपटांतील तलवारी आणि घोडे यांची चर्चा फार होते. परंतु भात्यापुढे घाम गाळणाऱ्या लोहाराची ही कथा भालजींनी त्याच आस्थेने सांगितली, आणि कित्येक रसिकांना ती त्यांच्या लढायांहूनही सरस वाटते.

१९९१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार भारत सरकारने भालजींना दिला, तेव्हा त्यांनी वयाची नव्वदी ओलांडली होती. 'रारंगढांग' ही कादंबरी लिहिणारे प्रभाकर पेंढारकर हे त्यांचे चिरंजीव. भालजींच्या आत्मचरित्राचे नाव 'साधा माणूस' असे आहे. २६ नोव्हेंबर १९९४ रोजी, ज्या गावी जन्मले आणि ज्या गावी त्यांचा स्टुडिओ जळून पुन्हा उभा राहिला, त्या कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.